हिवाळ्यातला समुद्र आणि दोन माणसांची नाव

यंदाच्या वसंत व्याख्यानमालेसाठी विषय सुचवा, असे चालकांनी आम्हांला सांगितले तेव्हा त्यांच्या मनात ग्रॅच्युइटी किंवा कंत्राटी कामगारांचा प्रश्न असावा. गेली तीस वर्षे आम्ही हेच बोलत आलो आहोत, तेव्हा त्यांची काही चूक नाही. आम्ही म्हणालो, समुद्र. चालकांपैकी एकाने आमच्या तोंडाकडे पाहिले आणि वहीत प्रश्नचिन्ह काढले. भद्रावतीत तलाव आहेत, डोलारा तलावात जुन्या दगडी खांबांवरचा पूल आहे, पण बंदर नाही, हे आम्हांलाही ठाऊक आहे. आपल्या वर्धा नदीचे पाणी प्राणहितेतून गोदावरीत आणि तेथून बंगालच्या उपसागरात जाते. आपला समुद्राशी संबंध एवढाच. आणि तरीही जो समुद्र आज सांगावयाचा आहे तो पश्चिमेचा, कोकणाचा आहे. असे का, तेही पुढे येईल.

सात-आठ वर्षांमागे डिसेंबरात एका परिषदेसाठी आम्ही मुंबईस गेलो होतो. आमच्या मंडळींनी तोवर समुद्र पाहिला नव्हता, म्हणून त्यांनाही बरोबर घेतले. परिषद संपल्यावर एक दिवस हाती होता. गेटवेपासून मांडव्यास जाणाऱ्या लाँचमध्ये आम्ही उभयता बसलो. लाँच निघाली आणि नांगरून पडलेल्या बोटींच्या गर्दीतून वाट काढू लागली. त्यांत एक लहानशी शिडाची नाव होती, रंग उडालेली. तिच्या कठड्याला चार कपडे वाळत घातलेले. वर एक पिकल्या केसांची परदेशी बाई दोर ओढून शिडाची घडी नीट बसवीत होती, आणि तिच्या पलीकडे, सकाळचे दहा वाजलेले असताना, तिचा नवरा टोपी तोंडावर घेऊन गाढ झोपला होता. आमच्या मंडळींनी ते पाहिले आणि म्हणाल्या, "पाहा जी, बुढा झोपून आहे अन् बुढी राबून राहिली. सगळीकडं सारखंच."

लाँचवरचा खलाशी जवळ उभा होता. तो हसला. म्हणाला, "तसं नाही, बाई. रात्रभर तो जागला असेल. आता तिची पाळी."

पाळी हा शब्द आमच्या कानावर रोज पडतो. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. भोंग्याबरोबर अर्धे गाव उठते आणि अर्धे झोपते. पण नवरा आणि बायको यांच्यात पाळी वाटून घेतलेली आम्ही ऐकली नव्हती. गावी परतल्यावर आम्ही या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. मुंबईच्या मस्जिद बंदर भागातील एका निवृत्त खलाशाशी पुढे ओळख झाली, त्यांनी पुष्कळ गोष्टी समजावून दिल्या. आमचे शिक्षण नववीपर्यंतचे. पोहता आम्हांला येत नाही. तेव्हा ऐकणाऱ्यांनी आम्हांला दर्यावर्दी समजू नये. आम्ही कामाचे तास मोजणारा माणूस आहोत आणि त्याच नजरेने ही नाव पाहिली आहे.

आधी ही माणसे कोण ते सांगतो. दहा-अकरा मीटर लांबीच्या, म्हणजे आपल्या एस.टी.च्या गाडीएवढ्या शिडाच्या नावेवर वर्षातले पाच-सहा महिने राहणारी जोडपी जगात हजारो आहेत. एरिक आणि सुसान हिस्कॉक हे इंग्रज दांपत्य १९५२ साली 'वाँडरर थर्ड' या तीस फुटी नावेतून निघाले आणि १९५५ साली पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. त्यांच्या पुस्तकांनी कितीतरी शिक्षक, कारकून आणि मिस्त्री यांना हा नाद लावला. पुढे लॅरी आणि लिन पार्डी यांनी 'सेराफिन' नावाची चोवीस फुटी लाकडी नाव स्वतःच्या हातांनी बांधून १९६८ साली पाण्यात सोडली. तिला इंजिनच नव्हते. वारा पडला की थांबायचे, किंवा वल्हवायचे. कोट्यधीशांच्या पांढऱ्या बोटी निराळ्या आणि ही मंडळी निराळी. घर विकून किंवा भाड्याने देऊन, जुनी नाव घेऊन, पेन्शनीत भागविणारे यांत पुष्कळ.

यांची सर्वांत मोठी वर्दळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असते. उत्तरेकडे बर्फ पडू लागले की कॅनडा आणि अमेरिकेतील जोडपी दक्षिणेकडे निघतात. थंडीत उत्तरेकडून आपल्या तलावांवर पक्षी उतरतात तशी. तेथे नॉरफॉकपासून मायामीपर्यंत नद्या, खाड्या आणि कालवे जोडून केलेला सुमारे अकराशे मैलांचा आतला जलमार्ग आहे. उघड्या समुद्रात न जाता त्यातून खाली येता येते. मात्र फ्लॉरिडाहून बहामा बेटांकडे जाताना सुमारे पन्नास मैलांचा एक पट्टा ओलांडावा लागतो आणि त्यातून गल्फ स्ट्रीम नावाचा उष्ण प्रवाह उत्तरेकडे धावत असतो. वारा उत्तरेचा असला की तो प्रवाहाच्या तोंडावर येतो आणि लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात. म्हणून जोडपी किनाऱ्यावर नांगर टाकून वारा फिरण्याची वाट पाहत बसतात. कधी दोन दिवस, कधी दोन आठवडे. पलीकडे पोहोचल्यावर काचेसारखे उथळ पाणी आणि सातशेच्या आसपास बेटे. जूनपासून नोव्हेंबरअखेर तेथे चक्रीवादळांचा हंगाम असतो, म्हणून मेच्या सुमारास बहुतेक सगळे परत फिरतात.

आता आपल्याकडे येऊ. कोकणच्या माणसाला हिवाळी समुद्र कोणी शिकवावा लागत नाही. आषाढात दर्या बंद, नारळी पौर्णिमेला नारळ वाहायचा आणि मग होड्या लोटायच्या, हा क्रम जुना आहे. पडाव, मचवे, फतेमाऱ्या हा सारा शिडांचा व्यापार याच पंचांगावर चालत असे. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा थेट किनाऱ्यावर आदळतो. शिडाची नाव तेथे सापडली तर खडकावरच जावयाची. कार्तिकानंतर मात्र हाच समुद्र निवळतो, आणि हिवाळ्यात त्याच्यावर वाऱ्यांची जी ये-जा सुरू होते ती इतकी नियमित असते की भोंगा वाजवून सोडल्यासारखी.

तिचे कारण आपल्या अंगणातही दिसते. मे महिन्यात दुपारी आपल्याकडे फरशीवर पाय ठेववत नाही, पण सावलीतच काय, उन्हात ठेवलेल्या रांजणातले पाणीही तितके तापत नाही. रात्री उलट होते: फरशी भरभर निवते, पाण्याची ऊब टिकून राहते. जमीन आणि समुद्र यांचे असेच आहे. दिवसा जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यावयास समुद्रावरची हवा येते. हे खारे वारे. रात्री जमीन निवते आणि हवा जमिनीवरून समुद्राकडे जाऊ लागते. हे मतलई वारे. शाळेच्या भूगोलात ही दोन नावे आपण सर्वांनी पाठ केली आहेत आणि परीक्षा झाल्यावर विसरलो आहोत. हिवाळ्यात आकाश निरभ्र असते, त्यामुळे दिवस-रात्रीतला हा फरक जोराचा होतो. शिवाय त्या दिवसांतला ईशान्येचा वारा मतलईला हात देतो.

नावेवरच्या जोडप्याचा दिवस या दोन वाऱ्यांत बसवलेला असतो. पहाटे मतलईवर नांगर उचलायचा. वारा जमिनीकडून येत असल्यामुळे किनाऱ्याजवळ पाणी सपाट असते. दहा-अकराच्या सुमारास वारा पडतो. शीड लोंबते, ऊन लागते, जेवण उरकून घ्यायचे. दुपारी वायव्येकडून खारा वारा उठतो आणि संध्याकाळपर्यंत चांगला वाहतो. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या नावेला तो पाठीमागून किंवा बाजूने मिळतो, म्हणून खाली जाणे सुखाचे. परत येणे कष्टाचे, कारण वाऱ्याच्या तोंडावर शिडाची नाव सरळ जाऊच शकत नाही. तिला एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे असे तिरपे जावे लागते. घाटातला रस्ता वळणे घेत चढतो तसे. शंभर मैलांचे एकशे चाळीस होतात.

पूर्व किनाऱ्याला हे सुख नाही. त्या बाजूला हिवाळ्यातला ईशान्येचा वारा समुद्रावरून जमिनीवर येतो, ऑक्टोबर ते डिसेंबर चक्रीवादळांचे असतात, आणि आडोशाची नैसर्गिक बंदरेही थोडी. भद्रावतीहून विशाखापट्टण मुंबईपेक्षा जवळ असूनही आम्ही पश्चिमेची गोष्ट का सांगतो, त्याचे कारण हे.

वेग किती, असे आमच्या पोरांनी पहिल्यांदा विचारले. ताशी पाच सागरी मैल. सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. तेव्हा ताशी नऊ किलोमीटर. मजूर सायकलवर कामाला जातो त्याहूनही हळू. मुंबई ते गोवा सागरी मार्गाने दोनशेहून अधिक सागरी मैल आहे. न थांबता गेले तर दोन दिवस आणि मधल्या रात्री. पण दोघांची नाव तशी जात नाही. मुंबईहून जंजिऱ्याचा आडोसा, तेथून हर्णै, मग जयगडची खाडी, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, आणि मग गोवा. प्रत्येक टप्पा चार ते आठ तासांचा. मौज अशी की ही सगळी नावे आपण किल्ल्यांची म्हणून ओळखतो. जेथे वायव्येच्या वाऱ्यापासून नावेला आसरा मिळतो तेथे आरमार राहते, आणि आरमार राहते तेथे किल्ला लागतो. शिवाजी महाराजांनी आणि नंतर आंग्र्यांनी यांतल्या बहुतेक जागा राखल्या, आणि तेथेच आज म्हातारा-म्हातारी नांगर टाकून भात शिजवतात.

ही जोडपी इतके जवळ जवळचे टप्पे का घेतात? भीतीमुळे म्हणावे तर हीच माणसे प्रसंगी महासागर ओलांडतात. आम्हांला याचे उत्तर हजेरीच्या हिशेबात सापडले. नाव चालू असताना कोणीतरी एकजण सतत बाहेर बघत असला पाहिजे. मालवाहू जहाज क्षितिजावर दिसल्यापासून अंगावर येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटेच लागतात. दोनच माणसे असली तर चोवीस तासांचे दोन भाग. बहुधा तीन तास एकाने जागायचे, तीन तास दुसऱ्याने. काही चार-चार तासांनी बदलतात. कागदावर प्रत्येकाला बारा तास विश्रांती मिळते. पण त्या बारा तासांत स्वयंपाक, दुरुस्ती, शीड बदलणे, नकाशा पाहणे हेही आहे, आणि झोप मिळते ती अडीच-अडीच तासांच्या तुकड्यांत.

खलाशांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००६ साली जो करार केला त्यात विश्रांतीचे माप घालून दिले आहे: चोवीस तासांत किमान दहा तास, सात दिवसांत किमान सत्त्याहत्तर, आणि मुख्य म्हणजे ती विश्रांती दोनपेक्षा अधिक तुकड्यांत तोडायची नाही व त्यांतला एक तुकडा किमान सहा तासांचा असावा. आपल्याकडील १९५२ च्या खाण कायद्यानेही जमिनीखालच्या कामाला दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली होती. ही सहा तासांची अट कोणी उगाच घातलेली नाही. तुटक झोपेवर माणूस चार दिवस उभा राहतो, पण त्याची नजर आणि निर्णय पहिल्या दोन रात्रींतच ढासळतात. रातपाळीच्या शेवटच्या तासात हात कसा चुकतो ते या सभागृहातल्या पुष्कळांना माहीत आहे. तीन-तीन तासांच्या पाळीवर चालणारी दोघांची नाव हा नियम रोज मोडते. तक्रार कोणाकडे करणार? मालकही तेच आणि कामगारही तेच. तेव्हा ती दोघे शहाणपणाने एकच गोष्ट करतात: दिवसा चालतात, अंधारापूर्वी नांगर टाकतात आणि रात्रभर दोघेही झोपतात. एखादा लांबचा टप्पा आला तरच एक रात्र जागून काढतात, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता कोणीतरी तोंडावर टोपी घेऊन पडलेला दिसतो. थंडीचा हंगाम, उबदार पाणी, जवळ जवळ बंदरे हे पाहून लोक चैन म्हणतात. आम्हांला त्यात झोपेची तजवीज दिसते.

या बाबतीत एक यंत्र त्यांच्या मदतीला आले. नावेच्या मागच्या भागावर एक उभी फळी बसवितात. वारा ठरलेल्या बाजूने येत असला तर ती स्वस्थ उभी राहते. नाव भरकटली की वारा तिच्या अंगावर येतो आणि ती कलते. त्या कलण्याने पाण्यातले एक लहान वल्हे फिरते, मागे जाणाऱ्या पाण्याचा जोर त्या वल्ह्यावर येतो, आणि त्या जोराने सुकाणू पुन्हा जागेवर ओढले जाते. वीज नाही, तेल नाही. १९६० साली अटलांटिक समुद्र एकट्याने ओलांडण्याची पहिली शर्यत झाली, तीत हॅसलर या निवृत्त इंग्रज अधिकाऱ्याने असे यंत्र लावून नाव नेली आणि तेव्हापासून ते सर्वत्र पसरले. जोडपी त्याला तिसरा माणूस समजतात, कोणी नावही ठेवतात. यंत्र आले की मजूर कमी होणार, ही आमची आयुष्यभराची तक्रार. येथे मात्र यंत्राने कोणाची भाकरी घेतली नाही, झोप परत दिली.

यंत्र सुकाणू धरील, पण बाहेर बघणार नाही आणि पडलेल्या माणसाला वर काढणार नाही. म्हणून जाणत्या जोडप्यांत एक कडक नियम असतो: रात्री पहाऱ्यावर असणाऱ्याने स्वतःला पट्ट्याने नावेस बांधून घ्यायचे, आणि दुसऱ्याला उठविल्याशिवाय पुढच्या भागाकडे जायचे नाही. झोपमोड झाली तरी चालेल. कारण तो पडला तर दुसरा झोपेतच असणार, आणि सकाळी उठेल तेव्हा नाव यंत्राच्या भरवशावर नीट चाललेली असेल व तीवर दुसरे कोणी नसेल.

येथेच नवरा-बायकोच्या कामाचा प्रश्न उभा राहतो. प्रारंभी बहुतेक जोडप्यांत पुरुष कप्तान आणि बाई स्वयंपाकीण. सुकाणू, नकाशा, इंजिन त्याचे; चूल तिची. हे जमिनीवर चालते. पण कप्तान पाण्यात पडला तर? मग उरलेल्या एका माणसाला नाव थांबवावी लागते, वळवावी लागते, वाऱ्याचा अंदाज घेऊन त्याच्याजवळ आणावी लागते आणि ओल्या कपड्यांतला ऐंशी किलोचा माणूस कप्पी लावून वर ओढावा लागतो. ज्या नावेवर हे फक्त एकालाच येते, त्या नावेवर त्या एकालाच वाचविणारे कोणी नसते. म्हणून अनुभवी जोडपी कामे मुद्दाम फिरवितात. नांगर टाकण्याचेच घ्या. पूर्वी नवरा सुकाणूवर उभा राहून ओरडत असे आणि बाई नाळेवर जड साखळीशी झुंजत असे. पुढे पुष्कळांना कळले की हे उलटे आहे: साखळीला दंडाची ताकद लागते, सुकाणूला नजर. आता तिच्या हाती सुकाणू असते, तो नाळेवर असतो, आणि इंजिनाच्या आवाजात ओरडण्याऐवजी हातांच्या खुणा ठरलेल्या असतात. बंदरातली निम्मी भांडणे या खुणांनी मिटली, असे आमच्या खलाशी मित्राचे मत.

माइल्स आणि बेरिल स्मीटन हे असेच एक जोडपे. माइल्स आपल्याकडे, हिंदी लष्करात, नोकरी केलेले. त्यांची 'त्झू हांग' ही नाव १९५७ च्या फेब्रुवारीत दक्षिण महासागरात एका प्रचंड लाटेने पालथी केली. तो समुद्र उबदार नाही, आजच्या विषयातलाही नाही. पण त्या क्षणी सुकाणूवर कोण होते ते सांगण्यासाठी हे सांगतो. बेरिल होत्या. त्यांचा पट्टा तुटला, त्या पाण्यात फेकल्या गेल्या, आणि जखमी खांद्याने पोहत मोडलेल्या डोलकाठीपर्यंत आल्या. नवऱ्याने आणि बरोबरच्या तिसऱ्या सोबत्याने त्यांना वर घेतले. डोलकाठ्या गेलेल्या, छपराला भोके पडलेली. तशी ती नाव तिघांनी चिलीच्या किनाऱ्याला आणली. वर्ष संपण्यापूर्वी स्मीटन दांपत्य पुन्हा त्याच वाटेने निघाले, या वेळी दोघेच, आणि पुन्हा पालथे झाले, पुन्हा वाचले.

हे वाचताना आम्हांला आमच्या आजीची आठवण झाली. चांद्याच्या एका खाणीत आजोबा कोळसा फोडीत आणि आजी तो टोपल्याने टबात भरी. तेव्हा खाणींत जोडीनेच काम चालत असे. १९२९ च्या नियमांनी बायकांना जमिनीखालून टप्प्याटप्प्याने कमी केले, १९३७ साली पूर्ण बंदी आली, महायुद्धात मजूर कमी पडले तेव्हा १९४३ मध्ये ती उठली आणि १९४६ मध्ये पुन्हा लागली. आजी त्या मधल्या तीन वर्षांत खाली उतरली. मोबदला टबांच्या मोजणीवर असे, आणि भरलेल्या टबावर आकडा आजोबांचा पडे. आठवड्याचे पैसेही त्यांच्याच हातात येत. वर आल्यावर चूल तिची. ती सांगे, पण तक्रारीच्या सुरात कधी नाही. त्यामुळे आम्हांलाही ते हिशेबाचे वाटले नाही. वेतनवाढीच्या कितीतरी मागण्या लिहिल्यावर, एका परदेशी म्हातारीला दोर ओढताना पाहून, तो टब कोणी भरला होता हे आमच्या लक्षात आले.

घरातल्या गोष्टींकडे वळू. नावेवर पाण्याचे राज्य असते, म्हणजे पिण्याच्या पाण्याचे. टाकी दोनशे ते चारशे लिटरची. भांडी समुद्राच्या पाण्याने घासून शेवटी वाटीभर गोड्या पाण्याने विसळायची. नळाऐवजी पायाने दाबायचा पंप, कारण नळ सोडला की तो वाहतच राहतो. दोघांत दिवसाला दहा लिटर पुरवितात. चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्याकडच्या बायकांना यात नवे काही नाही. अलीकडे समुद्राचे पाणी गोडे करणारी छोटी यंत्रे आली आहेत. ती खारे पाणी चौरस इंचाला सुमारे आठशे पौंडांच्या दाबाने बारीक पडद्यातून ढकलतात, मीठ अलीकडे राहते. पण त्यांना वीज लागते, आणि वीज छपरावरच्या सौर पट्ट्यांतून येते, म्हणजे ढगाळ दिवशी पुन्हा पायपंपच.

चूल एका चौकटीत दोन खिळांवर टांगलेली असते. नाव कलली तरी ती सपाट राहते. आणि आमच्या मंडळींना फार आवडलेली गोष्ट म्हणजे प्रेशर कुकर. झाकण घट्ट, उलटला तरी डाळ सांडत नाही, गॅस कमी लागतो. जगभरची ही जोडपी कुकर जिवापाड जपतात.

नांगराचा हिशेब मात्र चुकला तर रात्रीची झोप जाते. नांगर वजनाने धरतो हा गैरसमज. तो चिखलात रुततो तो आडव्या ओढीने. ओढ वर झाली की उपटून येतो. म्हणून साखळी खोलीच्या निदान पाचपट सोडायची. पण खोली कोणती? मुंबईच्या बाजूला उधाणाची भरती-ओहोटी चार-पाच मीटरची, गोव्याकडे दोनच्या आसपास. ओहोटीला चार मीटर पाणी पाहून वीस मीटर साखळी टाकली, तर भरतीला पाणी आठ मीटर होते, नाळेची उंची एक मीटर धरली की नऊ, आणि साखळी हवी पंचेचाळीस. नवखा माणूस येथेच फसतो, आणि मध्यरात्री त्याची नाव शेजाऱ्याच्या नावेला जाऊन भेटते.

आपली मराठी माणसे यात कोठे आहेत? दिलीप दोंदे हे नौदल अधिकारी १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून 'म्हादेई' नावेतून एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून आले; असे करणारे ते पहिले भारतीय. ती छप्पन्न फुटी नाव गोव्यात, दिवाडी बेटावर बांधलेली. तिचीच बहीण 'तारिणी'. तिच्यावरून दिलना के. आणि रूपा ए. या नौदलातील दोन स्त्रिया २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघाल्या आणि २९ मे २०२५ रोजी परत आल्या. आठ महिने, वाटेत चार बंदरे, आणि नावेवर दोघीच. हे नवरा-बायकोचे सहलीचे जीवन नव्हे, पण दोन माणसांत नाव कशी वाटून घ्यायची याचा याहून कडक दाखला दुसरा नाही.

हिवाळा म्हणजे निर्धास्त, असेही समजू नये. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान वादळाने कोकणात मच्छीमारांचे बळी घेतले. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळ आले तेव्हा केरळ-तामिळनाडूच्या होड्या देवगडच्या बंदरात आसऱ्याला शिरल्या होत्या. आणि रोजचा धोका म्हणजे जाळी. या किनाऱ्यावर रात्री मैलच्या मैल जाळी लागलेली असतात, पुष्कळांवर दिवा नसतो. सहलीची नाव त्यात अडकली तर तिचा पंखा अडकतो, पण कोळ्याचे जाळे फाटते, आणि ते त्याचे हत्यार आहे. त्या होड्यांवरील खलाशांना, ज्यांत आता परराज्यांतून आलेले पुष्कळ आहेत, २००६ च्या करारातले विश्रांतीचे तास लागू नाहीत. मासेमारी त्यातून वगळलेली आहे. तिच्यासाठी २००७ साली वेगळा करार झाला, तो २०१७ साली अमलात आला. त्यावर बोलू लागलो तर चालकांनी वहीत काढलेले प्रश्नचिन्ह खरे ठरेल, म्हणून येथेच थांबतो.

हे सारे आपल्याला परवडणारे आहे काय, असे कोणी विचारील. नाव परवडणार नाही. आम्हांला तर नाहीच. पण मांडव्याच्या लाँचचे तिकीट परवडते, आणि थंडीत एकदा जाण्यासारखे आहे. पौष महिना चांगला. सकाळी लवकर जावे, म्हणजे मतलई अंगाला लागेल, आणि परतताना दुपार करावी, म्हणजे खारा वारा कळेल. मे महिन्याच्या मध्यानंतर जाऊ नये. तोवर परदेशी जोडपी गेलेली असतात, पावसाळ्याच्या तोंडावर लाँचही बंद होतात, आणि कोकणच्या बंदरांत होड्या किनाऱ्यावर ओढून नारळीच्या झापांनी शाकारण्याची घाई चाललेली असते.

आम्ही त्या दिवशी मांडव्याहून चार वाजता परतलो. ती नाव तेथेच होती. कपडे काढलेले होते. म्हातारा उठून बसला होता आणि बादलीत भांडी घाशीत होता. म्हातारी कोठे दिसली नाही. आमच्या मंडळी कठड्याला धरून बराच वेळ तिकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "आता ते झोपली असन."